दुरून डोंगर साजरे, जवळून डोंगर आपले

बहुतेक घरांत भिंतीवर एक दिनदर्शिका टांगलेली असते. तिच्यावर देवाचे चित्र असते, नाहीतर डोंगराचे. बर्फाची शिखरे, निळे पाणी, हिरवी झाडी. वर्ष संपते, तारखा जुन्या होतात. पण चित्र चांगले असेल तर घरातली माणसे ते फेकून देत नाहीत. कातरून दारामागे चिकटवून ठेवतात.

आता एक विचारतो. चित्रातला डोंगर आपल्याला एवढा आवडतो, मग दाराबाहेरचा डोंगर? त्याच्याकडे आपण कधी पाहतो? पाऊस येतोय का, हे बघायला. गुरे कुठवर गेली, हे बघायला. एरवी तो समोर असून नसल्यासारखा. रोजची वस्तू डोळ्यांना दिसत नाही, हा माणसाचा स्वभावच आहे.

डोंगर, नदी, झाडे, आभाळ यांचे जे चित्र काढतात त्याला निसर्गचित्र म्हणतात. अशा चित्राचा उपयोग काय? नुसती भिंत शोभते, एवढाच का? नाही. निसर्गचित्रांनी मोठमोठी राने राखायला मदत केली आहे. आणि कधी कधी चित्रामुळे रानाचे आणि रानातल्या माणसांचे नुकसानही झाले आहे. दोन्ही गोष्टी या धड्यात सांगतो. कारण दोन्हींचा आपल्या पाटण तालुक्याशी संबंध आहे.

चित्राने रान वाचले, ती गोष्ट

ही गोष्ट अमेरिकेतली आहे. तिथे पश्चिमेकडे यलोस्टोन नावाचा डोंगराळ मुलूख आहे. तिथे जमिनीतून उकळते पाणी कारंज्यासारखे उंच उडते. पिवळ्या, तांबड्या कड्यांची खोल दरी आहे. त्या दरीत मोठा धबधबा पडतो. शिकारी लोक तिकडून येत आणि हे सारे सांगत. पण पूर्वेकडच्या शहरांतल्या लोकांना ते खरे वाटत नसे. "थापा मारतात," असे म्हणून ते हसत.

१८७१ साली सरकारने तिकडे एक पाहणी पथक पाठवले. त्याचे प्रमुख होते हेडन नावाचे शास्त्रज्ञ. पथकात जॅक्सन नावाचे छायाचित्रकार होते आणि टॉमस मोरान नावाचे चित्रकारही होते. मोरान शहरात राहणारे. घोड्यावर बसायची सवय नव्हती. खोगिरावर उशी ठेवून ते प्रवास करत. पण जिथे पथक थांबे तिथे ते कागद आणि रंग घेऊन बसत. कडा कोणत्या रंगाचा आहे, पाण्याची वाफ कशी पसरते, हे सारे टिपून घेत.

पथक परत आले. रान राखण्याचा कायदा करावा, अशी मागणी पुढे आली. कायदा करणाऱ्या सभासदांपैकी बहुतेकांनी ती जागा कधी पाहिली नव्हती. त्यांना मोरान यांची रंगीत चित्रे आणि जॅक्सन यांची छायाचित्रे दाखवण्यात आली. छायाचित्राने पटले की जागा खरी आहे. त्या काळी छायाचित्रे एकरंगी असत. रंग दाखवायला चित्रच लागले. १ मार्च १८७२ रोजी कायदा झाला. यलोस्टोन हे जगातले पहिले राष्ट्रीय उद्यान ठरले. राष्ट्रीय उद्यान म्हणजे राष्ट्राने राखून ठेवलेले रान. ते विकायचे नाही, तोडायचे नाही.

त्याच वर्षी मोरान यांनी त्या दरीचे एक प्रचंड चित्र रंगवले. सुमारे ७ फूट उंच आणि १२ फूट रुंद. सरकारने ते १०,००० डॉलर देऊन विकत घेतले.

सगळे श्रेय चित्राला द्यायचे असेही नाही. रेल्वे कंपनीलाही त्या भागात प्रवासी हवे होते, म्हणून तिनेही जोर लावला होता. पण न पाहिलेल्या जागेबद्दल माणसाच्या मनात माया उत्पन्न करणे, हे काम चित्राने केले. मायेशिवाय राखण होत नाही. हे आपल्याला शेतावरून ठाऊक आहेच.

चित्रात कोण नाही?

आता चित्राची दुसरी बाजू पाहू.

मोरान यांच्या त्या मोठ्या चित्रात खाली एका खडकावर माणसे उभी आहेत. पण ती मुंगीएवढी. बाकी सारा कडा, दरी आणि आभाळ. पाहणाऱ्याला वाटावे, इथे कोणी राहतच नाही. खरी गोष्ट अशी होती की त्या मुलखात आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या ये-जा करत होते. शोशोन जमातीतले काही लोक तर तिथेच राहत होते. शिकार करत, कंदमुळे काढत. त्यांच्या चुली, त्यांच्या वाटा त्या चित्रात आल्या नाहीत. पुढे काही वर्षांत त्यांना उद्यानातून बाहेर काढण्यात आले.

याचा अर्थ मोरान वाईट माणूस होता, असा नाही. पण कोणतेही चित्र काहीतरी दाखवते आणि काहीतरी सोडून देते. चित्रकार एका जागी बसून जे दिसते तेवढेच काढत नाही. मोरान यांनीच वेगवेगळ्या जागांवरून पाहिलेले भाग एका चित्रात बसवले होते. तो चित्रकाराचा हक्क आहे. पण चित्र पाहून जेव्हा कायदे होतात, तेव्हा जो चित्रात नाही तो हिशेबातही राहत नाही.

हे दुखणे आपल्याला नवे नाही. कोयनेचे धरण १९५० च्या दशकात सुरू झाले आणि १९६० च्या दशकात पाणी अडले. शिवसागराच्या पाण्याखाली गावे गेली, शेते गेली. माणसे उठून दुसरीकडे गेली. मग १९८५ साली कोयना अभयारण्य झाले. त्याचे क्षेत्र सुमारे ४२३ चौरस किलोमीटर आहे. २०१० साली कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. २०१२ साली युनेस्को या जागतिक संस्थेने पश्चिम घाटातल्या ३९ जागा जगाचा वारसा म्हणून जाहीर केल्या. त्यांतल्या ४ महाराष्ट्रात आहेत : कास पठार, कोयना, चांदोली आणि राधानगरी.

ही मोठ्या मानाची गोष्ट आहे. गवा, सांबर, अस्वल, शेकरू यांना ठाव मिळाला. कोयनेला पाणी देणारी झाडी उभी राहिली. पण रान राखताना काही गावांना आपली जागा सोडावी लागली. काहींचे पुनर्वसनाचे प्रश्न वर्षानुवर्षे चालले. शिवसागराचे सुंदर चित्र आपण पाहतो. निळे पाणी, हिरवे डोंगर. पाण्याखाली कुणाचे अंगण आहे, ते चित्रात दिसत नाही.

म्हणून चित्र पाहताना दोन प्रश्न विचारावेत. यात काय आहे? आणि यात काय नाही?

वारल्यांची भिंत

माणूस आणि रान दोन्ही ज्यात आहेत, असे चित्र असते का? असते. ते आपल्याच महाराष्ट्रात आहे.

पालघर जिल्ह्यात डहाणू, तलासरीकडे वारली लोक राहतात. त्यांच्या घराची भिंत कुडाची. वर शेणामातीचा आणि गेरूचा हात. त्यावर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने चित्रे काढतात. लग्नात बाया चौक लिहितात. त्यात पालघट देवी असते. ती झाडापाल्याची, पिकांची देवी.

वारली चित्रात माणूस म्हणजे दोन त्रिकोण आणि चार काड्या. पण काय नाही त्या चित्रात? झाडावर चढणारा माणूस आहे, झाडाखाली मुंग्यांची रांग आहे. बैल आहे, कोंबडी आहे, मासे आहेत. तारपा वाजवणारा आहे आणि त्याच्याभोवती फेर धरून नाचणारे आहेत. झाड माणसाहून मोठे काढलेले असते. रान वेगळे आणि गाव वेगळे, अशी रेघ त्या चित्रात कुठे सापडत नाही.

जिव्या सोमा मशे हे डहाणू तालुक्यातले वारली चित्रकार. त्यांनी ही चित्रे भिंतीवरून कागदावर आणि कापडावर आणली. देशोदेशी ती गेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते वारले. या चित्रांनी अमुक एक जंगल वाचले, असे मी म्हणत नाही. पण रानात राहणारा माणूस रानाचे चित्र काढतो तेव्हा ते कसे निघते, हे त्यांनी जगाला दाखवले. दुरून आलेल्या चित्रकाराला रान रिकामे दिसते. आत राहणाऱ्याला ते भरलेले दिसते.

चित्र साक्ष देते

निसर्गचित्राचे आणखी एक काम आहे. ते साक्ष देते.

कोल्हापूरला आबालाल रहिमान नावाचे थोर चित्रकार होऊन गेले. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत ते शिकले. छत्रपती शाहू महाराजांनी त्यांना आश्रय दिला. १९३१ साली ते वारले. कोल्हापुरात कोटितीर्थ नावाचे तळे आहे. आबालाल तिथे पुन्हा पुन्हा जात आणि त्याच तळ्याची चित्रे काढत. सकाळचे तळे वेगळे, संध्याकाळचे वेगळे. पाणी तेच, पण उजेड बदलला की रंग बदलतो.

आज त्या तळ्याभोवती शहर दाटले आहे. तेव्हा तिथे काय शांतता होती, झाडी कशी होती, हे कुणाला सांगून पटणार नाही. चित्र दाखवले की पटते. म्हातारा माणूस "आमच्या वेळी असं नव्हतं" म्हणतो, तेव्हा पोरे हसतात. चित्राला कोणी हसत नाही.

कासच्या सड्यावर

आता जवळचे उदाहरण घेऊ. साताऱ्याच्या पश्चिमेला सुमारे २५ किलोमीटरवर कासचे पठार आहे. वर काळा-तांबडा कातळ, त्यावर मातीचा पातळ थर. कुठे वीतभर, कुठे बोटभर. उन्हाळ्यात पाहिले तर उजाड माळ. पण श्रावण-भाद्रपदात त्यावर फुलांचे गालिचे पसरतात. सोनकीचा पिवळा, तेरड्याचा गुलाबी, सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा. फुले येणाऱ्या साडेआठशेच्या वर जातीच्या वनस्पती तिथे नोंदल्या आहेत. त्यांतल्या काही जगात फार थोड्या ठिकाणी आहेत.

हे सारे पूर्वीही होते. गुराख्यांना ठाऊक होते, वनस्पतींच्या अभ्यासकांना ठाऊक होते. मग वर्तमानपत्रांत रंगीत छायाचित्रे आली. पुढे हातोहाती मोबाईल आले. एकाने फोटो काढला, हजारांनी पाहिला. सगळे कासला निघाले.

त्यामुळे कासची कीर्ती झाली, आणि राखण करायला लोक पुढे आले. हा फायदा. पण माणसे फुलांत लोळून फोटो काढू लागली. मोटारी सड्यावर चढू लागल्या. बोटभर मातीवरचे रोप एका पावलाखाली मोडते. चित्राने जे जगापुढे आणले, तेच चित्राच्या हव्यासाने तुडवले जाऊ लागले. हा तोटा.

मग वनखाते आणि आसपासची गावे एकत्र आली. संयुक्त समिती झाली. प्रवेशाची फी लावली. हंगामात दिवसाला सुमारे ३,००० माणसांची मर्यादा ठरवली. गावची पोरे राखणदार आणि वाटाडे झाली. काही वर्षे तारेचे कुंपणही घातले होते. त्यामुळे गुरे आत येईनात. गुरे थांबली तसे उंच गवत माजले आणि लहान फुलांना जागा कमी पडू लागली, असे जाणकारांनी सांगितले. शेवटी कुंपण काढण्यात आले.

यातून काय शिकायचे? शहरातल्या पाहुण्याच्या फोटोत फुले असतात, म्हैस नसते. त्याला वाटते, म्हैस आली की चित्र बिघडते. पण गवत खाणारी गुरे हाही त्या सड्याचा एक भाग होता. गुराख्याने चित्र काढले असते तर त्यात म्हैस आली असती. आणि ते चित्र जास्त खरे ठरले असते.

आपला डोंगर आपण काढू

शाळेत चित्रकलेच्या तासाला मी मुलांना सांगत असे, "आपला गाव काढा." चाळीस मुलांचे चाळीस कागद येत. सगळे एकसारखे! दोन टोकदार डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली वाहणारी नदी, एक झोपडी आणि तिच्याशेजारी नारळाचे झाड. मी विचारी, "अरे, आपल्या डोंगराला टोक कुठं आहे?" मुले खिडकीतून बाहेर बघत. मग एखादा म्हणे, "न्हाय गुरुजी, वरनं सपाट हाय की!"

आपले डोंगर खरेच वरून सपाट आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून तापलेला रस वर आला आणि थरावर थर साचून थंड झाला. त्याचा हा काळा दगड. म्हणून आपल्या डोंगराला पायऱ्या दिसतात. वर सडा, त्याखाली कातळाची पट्टी, मग झाडीचा पट्टा, मग उतारावर नाचणी-वरीची शेते, खाली ओढा आणि भात. हे चित्र दुसऱ्या कुणाचे नाही. हे पाटणचे आहे. दिनदर्शिकेवर ते येत नाही म्हणून ते कमी दर्जाचे नाही.

खालची तीन कामे आपल्यापैकी कोणीही करू शकेल.

पहिले काम. एकाच जागेवरून वर्षातून चारदा डोंगर पाहा आणि कागदावर उतरवा. आषाढात, भाद्रपदात, मार्गशीर्षात आणि चैत्रात. चित्र चांगले येवो न येवो. आषाढात धुके, भाद्रपदात सोनकी, मार्गशीर्षात पिवळे गवत. चैत्रात काय दिसेल? अनेक ठिकाणी काळा पट्टा दिसेल. तो वणव्याचा. गवत जाळले की पुढे चांगले येते, असे काही जण समजतात. पण आगीत झाडांची रोपे मरतात. जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी जळतात. उघडी पडलेली माती पहिल्या वळवात ओढ्यात जाते आणि ओढ्यातून धरणात. चार चित्रे शेजारी शेजारी लावली की व्याख्यान द्यावे लागत नाही.

दुसरे काम. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. कोणती झाडी कुठे होती? कोणता झरा कोणत्या महिन्यापर्यंत वाहत होता? देवराईची हद्द कुठवर होती? ज्यांचे गाव पाण्याखाली गेले, त्यांना विचारा की देऊळ कुठे होते, वड कुठे होता, पाणवठा कुठे होता. ते सांगतील तसा नकाशा काढा आणि खाली नावे लिहा. ही आठवण आता थोड्याच माणसांकडे उरली आहे.

तिसरे काम. तुम्ही आता लिहायला शिकला आहात, ते रानासाठी वापरा. चित्र रंगाचेच असते असे नाही. ते शब्दांचेही असते. सांगली जिल्ह्यात माडगुळ्याला जन्मलेले व्यंकटेश माडगूळकर लेखकही होते आणि चित्रकारही. रानात जाऊन ते तासन्‌तास बसत. जे दिसे ते पेन्सिलीने काढत आणि साध्या मराठीत लिहीत. नागझिऱ्याच्या जंगलावर त्यांनी पुस्तक लिहिले. ते वाचून कधी रान न पाहिलेल्या माणसांनाही रानाची ओढ लागली.

तुम्हाला पुस्तक लिहायला नको. २००२ साली जैवविविधता कायदा झाला. त्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत एक समिती असावी लागते. गावच्या हद्दीतली झाडे, औषधी पाला, पिकांची जुनी वाणे, पशुपक्षी यांची नोंदवही त्या समितीने लोकांना विचारून करायची असते. आपल्या गावची नोंदवही कुठे आहे, ते ग्रामपंचायतीत विचारा. उघडून वाचा. तिच्यात आपला सडा आहे का? देवराई आहे का? गुरे चरायची वाट आहे का? नसेल तर ग्रामसभेत उठून सांगा आणि लिहून द्या. सोबत आपण काढलेले चित्र जोडा.

असे का करायचे, तेही सांगतो. सड्याची जमीन सातबाऱ्यावर बहुधा "पोटखराब" म्हणून लिहिलेली असते. पोटखराब म्हणजे पीक न येणारी. कागद वाचणाऱ्याला वाटते, इथे काहीच नाही. तो कचेरीत बसलेला आहे. त्याने भाद्रपदातला सडा पाहिलेला नाही. यलोस्टोनचा कायदा करणाऱ्यांनीही ती दरी पाहिलेली नव्हती. त्यांच्यापुढे मोरान यांचे चित्र ठेवले गेले, म्हणून त्यांना कळले. आपल्या सड्याचे चित्र त्या कागदाशेजारी कोणी ठेवायचे? बाहेरचा माणूस आला तर तो फुले काढील, धबधबा काढील. त्याच्या चित्रात आपली वाट येणार नाही, आपला पाणवठा येणार नाही.

दुरून डोंगर साजरे, असे म्हणतात. ते खरे आहे. पण डोंगराची राखण जवळच्या माणसालाच करावी लागते. आणि जवळच्याने काढलेल्या चित्रात डोंगरही असतो आणि माणूसही असतो. तेव्हा कागद घ्या, पेन्सिल घ्या. आणि पहिली रेघ सपाट ओढा, कारण आपल्या डोंगराला टोक नाही.

वर्गात बोलण्यासाठी प्रश्न

१. यलोस्टोनचे रान राखायला चित्रांची मदत कशी झाली?
२. मोरान यांचे चित्र आणि वारली चित्र यांत कोणता फरक आहे?
३. आपल्या गावाच्या डोंगराचे चित्र काढायचे तर त्यात कोणत्या पाच गोष्टी यायलाच हव्यात?